आधी थांबणे, मग धावणे

जुने घर विकत घेणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात : केवढ्याला घेतले, आणि रंग कधी देणार? जुनी मोटार घेणाऱ्यालाही हेच दोन प्रश्न ऐकावे लागतात. पहिल्याचे उत्तर एका आकड्यात संपते. दुसरा प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही. रंग कधी द्यायचा हे सांगायला त्याआधी काय काय करायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायचे तर ती गाडी कोणी, कुठे, कोणत्या काळात आणि कशाच्या टंचाईत बांधली हे ठाऊक असावे लागते. दुरुस्तीची यादी करायला बसलेला माणूस नकळत इतिहास लिहायला बसलेला असतो.

यंदा वैशाखात माझ्या घरी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. यंत्राशी माझा संबंध शाळेच्या घंटेपलीकडे फारसा गेलेला नव्हता. गाडीच्या किमतीखेरीज दुरुस्तीसाठी मी ८० हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्यापुढे एक रुपयाही काढणे शक्य नव्हते. घरात लगेच मागण्या सुरू झाल्या. आठवीतल्या मुलीला गाडीचा मळका पांढरा रंग जाऊन आकाशी रंग हवा होता. पत्नीचे म्हणणे, बैठकींचे स्प्रिंग पाठीत रुततात, आधी त्या भरून घ्या. मेहुणे म्हणाले, “भावजी, इंजिनच बदलून टाका, डिझेलचे बसवा, म्हणजे खर्चाची चिंता नाही.” आईने काहीच मागितले नाही. तिने एवढेच विचारले, की या गाडीतून आंबा घाट उतरून साखरप्याकडे तिच्या माहेरी जाता येईल का? ऐंशीच्या घरातल्या बाईला आता एसटीचा प्रवास झेपत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री आहेत. त्यांच्यापुढे मी ही सगळी यादी वाचली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, “गुर्जी, पळतीया किती ते मागनं बघू. आधी थांबतीया का ते बघा.”

या एका वाक्यात जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचे सगळे शास्त्र आहे, असे मला आता वाटते. पण ते पटायला मला या गाडीचे कुळ शोधावे लागले.

पद्मिनीचे माहेर इटलीतल्या तुरीन शहरातले. दान्ते जियाकोसा या अभियंत्याने फियाट कंपनीसाठी १९३० नंतरच्या दशकात दोन लहान गाड्या घडवल्या. एक ‘टोपोलिनो’ म्हणजे ‘उंदीर’ या लाडक्या नावाची पाचशे, आणि दुसरी १९३७ सालची अकराशे. या अकराशेच्या इंजिनाचे माप १०८९ घनसेंटिमीटर. पुढे १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने अगदी नव्या अंगाची अकराशे मांडली. इंजिनाचे माप मात्र तेच ठेवले. माझ्या १९७५ च्या गाडीत आजही तेच माप आहे : चार नळकांडी, प्रत्येकीचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. हिशेब करून पाहिला तर १०८९ बरोबर येतात. शाळेत वृत्तचितीचे घनफळ शिकवताना आता मला उदाहरणासाठी पाण्याची टाकी शोधावी लागत नाही.

ही इटालियन कन्या कुर्ल्याला कशी नांदायला आली, त्याची हकीकत सोलापुरात सुरू होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी आधी आगबोटी चालवल्या, मग विमानांचा कारखाना आणि जहाजबांधणीचा उद्योग उभारला, आणि मोटारीचेही स्वप्न पाहिले. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० नंतरच्या दशकात देशी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. वालचंद तिच्या पाठीशी होते. तेव्हाच्या सरकारने या कामी उत्साह दाखवला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, तिथून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने पहिली वाहने बाहेर पडली. फियाटशी संबंध जुळला तो त्यानंतर. वालचंद १९५३ मध्ये वारले. म्हणजे ज्या वर्षी नवी अकराशे जिनिव्हाला लोकांपुढे आली, त्याच वर्षी.

त्याच सुमारास दिल्लीत एक निर्णय झाला आणि पुढची तीस वर्षे त्याचा परिणाम आपल्या रस्त्यांवर दिसत राहिला. जकात आयोगाच्या शिफारशीनुसार १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की नुसते परदेशी सुटे भाग आणून इथे जोडणाऱ्यांना थारा नाही. जे टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवतील त्यांनीच राहावे. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम बंद केले, फोर्डही गेली. मैदानात उरले मुख्यतः तिघे : कलकत्त्याजवळ अँबॅसडर, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईला फियाट. पहिल्या गोलसर फियाटला मराठी माणसाने लगेच ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकले. या नावात अपमान नव्हता. ज्याच्या दारात ती होती तोही तिला त्याच नावाने हाक मारी. पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, १९७२ मध्ये तिचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून, फियाटशी करार संपल्यावर, ती चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अंगाने ती डिलाइटच होती. इटलीत मात्र १९६६ मध्ये या गाडीचे रूप बदलले आणि १९६९ मध्ये तिचा वंशच संपला. माहेरी नाव पुसले गेले आणि सासरी नव्या नावाने संसार आणखी पाव शतक चालला, असे आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत घडते तसेच काहीसे या गाडीचे झाले.

त्या काळात गाडी मिळवणे हीच मोठी गोष्ट होती. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. लालबहादूर शास्त्री १९६४ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या कुटुंबाने फियाट घ्यायचे ठरवले. किंमत १२ हजार रुपये, हाताशी ७ हजार. उरलेले ५ हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवली आहे.

ज्या देशात पंतप्रधानाला कर्ज काढून गाडी घ्यावी लागते आणि नव्या गाडीसाठी वर्षे मोजावी लागतात, त्या देशात गाडी टाकून देत नाहीत, दुरुस्त करतात. कारखान्यालाही नवे काही काढण्याची निकड नव्हती, कारण जुनेच पुरे पडत नव्हते. त्यामुळे सुधारणा करण्याचे काम कुर्ल्याच्या कारखान्याकडून गल्लीबोळातल्या गॅरेजांकडे आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आमच्या उद्यमनगरापर्यंत जे कारागीर तयार झाले, ते या टंचाईचे अपत्य. आणि आधी काय, मग काय, हा क्रम त्यांनी पुस्तकातून काढला नाही. पैसे थोडे असलेल्या गिऱ्हाइकांनी त्यांना तो शिकवला.

तो क्रम मिस्त्रींनी मला चार पायऱ्यांत सांगितला. पहिल्या पायरीवर, जे बिघडल्यास रस्त्यावरचा माणूस मरतो ते. दुसरीवर, जे बिघडल्यास गाडी जळते. तिसरीवर, जे बिघडल्यास गाडी हळूहळू संपते. आणि चौथीवर, जे बिघडल्यास फक्त आपली हौस राहते.

पहिल्या पायरीवर ब्रेक. मोटारीच्या आरंभकाळात ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. चारही चाके सारखी ओढली जात नसत, आणि एक चाक आधी धरले की गाडी फिरे. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने १९१७ मध्ये तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले, आणि १९२१ मध्ये ड्युझेनबर्ग गाडीला चारही चाकांवर ते बसले. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलेंडरमधले तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे सारख्याच दाबाने जाते, तिथला छोटा सिलेंडर दोन्ही बाजूंना ढकलला जातो आणि लायनर फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. कल्पना सुंदर आहे. पण तिच्या पोटात एक धोका दडला होता. सगळे तेल एकाच मार्गाने जात असल्यामुळे चारांपैकी कुठल्याही एका चाकाचा रबरी वॉशर फाटला, की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पुढे तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग करण्याची पद्धत आली. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात ती सर्वत्र झाली. माझ्या गाडीत मार्ग एकच आहे.

गाडीचे चारही ड्रम उतरवले तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा सिलेंडर पाझरत होता. लायनरवर तेलाचा चकचकीत थर होता. पेडल मात्र पायाला घट्ट लागत होते, आणि गावातल्या गावात गाडी बेताची थांबतही होती. जुन्या गाडीत जे चालते आहे असे वाटते, ते किती काळ चालणार आहे हे आत उघडून पाहिल्याखेरीज कळत नाही. आंबा घाटाच्या एखाद्या वळणावर तो वॉशर फाटला असता तर गाडीत कोण कोण बसलेले असते, हा विचार त्या दिवशी मी पुष्कळ वेळ केला.

तेव्हा पहिली रक्कम इथे गेली. मास्टर सिलेंडर नवा, चारही चाकांचे सिलेंडर नवे, रबरी होज नव्या, लायनर नवे, आणि ड्रम लेथवर फिरवून घेतले. ब्रेकचे तेल हवेतली वाफ शोषून घेते. पाणी मिसळलेले तेल घाटात तापले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल एकदम खाली जाते. म्हणून ते सगळे काढून नवे भरले, आणि दर दोन वर्षांनी बदलायचे असे दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावून ठेवले. त्यानंतर स्टिअरिंगचे टाय रॉड आणि पुढच्या चाकांचे किंगपिन. किंगपिनला ग्रीस लागते, आणि ते वेळेवर कुणी देत नाही. माझ्या गाडीचे बुश झिजून चाक हाताने हलत होते.

मग टायर. टायरवर खोबण्या चांगल्या होत्या, त्यामुळे ते बदलायचे माझ्या मनात नव्हते. मिस्त्रींनी मला टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीच्या टायरवर १४०९ असे होते, म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. गाडी उभीच राहिल्यामुळे टायर झिजले नव्हते, पण रबर म्हातारे होऊन बाजूंना बारीक भेगा पडल्या होत्या. ही जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे : उभ्या गाडीचे आयुष्य थांबत नाही. लोखंडापेक्षा रबर लवकर मरते. पहिल्या पायरीवर एकंदर ३१ हजार रुपये खर्च झाले, आणि गाडी पाहायला आलेल्या एकाही पाहुण्याला त्यातले काही दिसले नाही.

दुसऱ्या पायरीवर आग. इथे मात्र इतिहासाने गाडीशी एक नवाच खेळ केला आहे. पद्मिनीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची गॅस्केटे ज्या पेट्रोलसाठी केली होती, ते पेट्रोल आता मिळत नाही. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. उसाच्या मळीपासूनही हे इथेनॉल होते, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांनी त्याविरुद्ध बोलावे असे नाही. पण जुन्या जातीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते, नंतर तडकते. आणि पेट्रोलची नळी तडकली की थेंब तापलेल्या इंजिनावर पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत खाली पाणी साचून गंज धरतो. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या, पंपाचा नवा पडदा, टाकी काढून आतून साफ, आणि दर आठवड्याला गाडी थोडी तरी चालवायची, असा नेम केला.

वायरिंगही आगीच्याच पायरीवर येते. पन्नास वर्षांत सहा-सात इलेक्ट्रिशियनांनी आपापल्या काळात एकेक तार जोडून ठेवली होती. एका हॉर्नसाठी तीन रंगांच्या तारा, त्यांवर चिकटपट्टी, आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. हे सगळे काढून नवे वायरिंग घातले.

आगीइतकाच तापाचा प्रश्न. फियाटच्या या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता लवकर सोडते, म्हणून तुरीनच्या अभियंत्यांनी ते निवडले. पण तापले की ते बिडापेक्षा जास्त पसरते. इंजिन एकदा फार तापले की हेड वाकते, गॅस्केट जाते, पाणी तेलात मिसळते, आणि दोनशे रुपयांच्या होजपायी इंजिन उघडावे लागते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे फार लवकर ओळखले होते. सिग्नलला थांबल्या थांबल्या त्यांची नजर तापमानाच्या काट्याकडे जाई. रेडिएटर उकळून साफ केला, होज बदलल्या, पाण्याचा पंप पाहिला. या पायरीवर १७ हजार गेले.

तिसऱ्या पायरीवर गंज. मुलीची आकाशी रंगाची मागणी इथपर्यंत येऊन थांबली होती. तिला मी गाडीखाली नेऊन दाखवले. जुन्या मोटारींना लोखंडी तुळयांचा वेगळा सांगाडा असे आणि त्यावर पत्र्याचे घर बोल्टांनी बसवलेले असे. १९५३ च्या अकराशेला असा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, खांब, छप्पर हे सगळे एकत्र जोडून तेच गाडीचे हाड झाले. त्यामुळे गाडी हलकी झाली. पण त्यामुळेच तिच्या तळाला पडलेले भोक हे कपड्याला पडलेल्या भोकासारखे नसते, हाडाला पडलेल्या भोकासारखे असते. समुद्राची खारी हवा, मुंबईचे तुंबलेले पाणी आणि कोकणातला पाऊस यांनी असंख्य फियाटचे तळ खाल्ले. माझ्या गाडीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा रबरी मॅटखाली चाळणी झाला होता, आणि त्यावर कुणीतरी लांबी भरून वर काळा रंग मारलेला होता. कुजका पत्रा कापून नवा जोडला, दारांखालची पाणी निघून जायची भोके मोकळी केली, पुढच्या-मागच्या काचांची रबरे नवी घातली. १९ हजार रुपये. त्यानंतर मुलीने रंगाचा विषय काढला नाही. पण आपल्या वहीत ‘पुढच्या वर्षी’ असे लिहून खाली रेघ मारली.

आता मेहुण्यांच्या इंजिनाचे. पद्मिनीत आणि अँबॅसडरमध्ये दुसरेच डिझेल इंजिन बसवण्याची चाल आपल्याकडे एके काळी सर्रास होती. डिझेल स्वस्त होते आणि प्रवासी ओढणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता. पण कायदा असे बदल सहजासहजी करू देत नाही. मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम सांगते, की उत्पादकाने नोंदवलेल्या गाडीच्या मूळ स्वरूपात फरक पडेल असा बदल करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत तेच उचलून धरले. शिवाय २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण तिचा सांगाडा, अंग किंवा इंजिन फारसे बदललेले असता कामा नये, आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यत, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच तिची वाट मोकळी.

माझी गाडी यंदा पन्नाशीत आली, तेव्हा हा मान तिला मिळू शकतो. पण आईला साखरप्याला न्यायचे तर साधी नोंदणीच बरी, दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहावे लागले तरी. मान आणि उपयोग यांतले मी एक निवडले. इंजिनाचे म्हणाल, तर मिस्त्रींनी चारही नळकांड्यांचा दाब मोजला, तेलाचा दाब पाहिला आणि म्हणाले, “दोन वरसं वडंल. धूर दिसला की बघू.” चालत्या इंजिनाला केवळ जुने आहे म्हणून उघडू नये, हाही त्या क्रमातलाच नियम.

मग सुधारणा अजिबात करायचीच नाही काय? तसे नाही. कुर्ल्याच्या कारखान्यानेही अखेरच्या काळात डिझेलची पद्मिनी काढली, आणि वर्षानुवर्षे स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा खाली जमिनीवर आणला. म्हणजे मूळ कर्त्यालाही गाडी तशीच राहावी असा हट्ट नव्हता. मी एवढाच नियम केला : जी सुधारणा माणसाचा जीव वाचवते ती करायची, जी उद्या पुन्हा काढता येते तीही करायची, आणि काढलेला मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, नाव लिहून पेटीत ठेवायचा. या नियमात सुरक्षापट्टे बसले. खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला; माझ्या गाडीला १९७५ मध्येही तो नव्हता. नुसता पत्र्याला बोल्ट मारून पट्टा बसवला तर धक्क्यात पत्राच फाटतो, म्हणून आतून जाड लोखंडी पट्टी जोडून तो बसवावा लागला. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवायचे पुढच्या वर्षावर टाकले. दिवे मंद असल्याने रात्री गाडी काढायची नाही, इतके ठरवले की ती निकड उरत नाही.

खर्चाच्या यादीत मी नंतर एक बाब घुसवली, ती मुंबईच्या टॅक्सींमुळे. मुंबईत पद्मिनीचे सुटे भाग इतकी वर्षे मिळाले ते काही माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी नव्हे. हजारो काळ्यापिवळ्या टॅक्सी रोज धावत होत्या, रोज झिजत होत्या, म्हणून भाग बनत होते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी कायद्याने राहिली नाही. ज्या दिवशी टॅक्सी संपली, त्या दिवसापासून भाग संपायला लागले. बुश, पिन, ड्रम हे उद्यमनगरात लेथवर करता येतील. रबर आणि काच करता येणार नाहीत. म्हणून सुरक्षापट्ट्यांबरोबर मी वॉशर किटचे दोन संच, पंपाचे पडदे आणि दाराची रबरे घेऊन ठेवली. हे सगळे ११ हजारांत झाले. म्हणजे ८० हजारांतले २ हजार उरले. पत्नीला मी ते बैठकींसाठी दिले. त्यात फक्त पुढच्या दोन बैठकींचे काथ्या-स्प्रिंग झाले, आणि ती त्यावर समाधान मानते असे मी म्हणणार नाही.

नवरात्रानंतर आम्ही आंबा घाट उतरलो. घाट ज्या गिअरने चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. इंजिनाने गाडी रोखून धरली की ड्रम तापत नाहीत. आई पुढच्या बैठकीवर पट्टा बांधून बसली होती. खाली साखरप्याला पोहोचल्यावर ती म्हणाली, “गाडी हळू चालवलीस, बरे झाले. मला सगळे झाड न् झाड दिसले.”

कुर्ल्याचा तो कारखाना आता नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, लोकांना थोड्या दिवसांत हलकी नवी गाडी मिळू लागली, आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. कारखान्याच्या जागेवर उंच इमारती उभ्या आहेत. शेजारून जो हमरस्ता जातो त्याचे नाव मात्र लालबहादूर शास्त्री मार्ग आहे. ज्या माणसाने कर्ज काढून फियाट घेतली, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर ती फियाट बनत होती. हे कुणी मुद्दाम जुळवून आणलेले नाही, पण मला ते आवडते.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो आणि मोटारीलाही झेंडूची माळ घालतो. उद्यमनगरात त्या दिवशी लेथला, वेल्डिंगच्या यंत्राला, पान्यांच्या पेटीलाही फूल वाहतात. यंदा माझी गाडी तिथेच उभी होती. रंग जुना, बंपरला पोचा, मागची बैठक खचलेली. मिस्त्रींनी माळ बॉनेटवर घातली नाही. खाली वाकून त्यांनी एक फूल पुढच्या उजव्या चाकाच्या ड्रमवर ठेवले, हात जोडले, आणि मग चहा मागवला.